दात काढले की काढून घेतले?

वाचकाचं पत्र:

'सर, मी ४४ वर्षांची आहे. नागपुरात प्रजापती नगरजवळ राहते आणि शंकर नगरच्या एका दाताच्या दवाखान्यात दोन वर्षांपासून काउंटरवर बसते. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, बी.ए. पर्यंत. इंग्रजी वाचता येतं, पेशंटच्या नोंदीही लिहिते. पण बोलायची वेळ आली की एकच शब्द घात करतो. तो म्हणजे "गेट". मागच्या महिन्यात बेल वाजली तेव्हा डॉक्टर मॅडमचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात होते. त्या म्हणाल्या, "कॅन यू गेट द डोअर?" मी जिना उतरून खालचं गेट लावून आले. वर येऊन बघते तर पेशंट दाराबाहेरच उभा, आणि आत सगळे हसत होते. दुसऱ्या एका पेशंटनं फोनवर "आय विल गेट बॅक टू यू" म्हटलं, तर मी रात्री साडेआठपर्यंत दवाखाना उघडा ठेवून त्याची वाट पाहिली. एकाला मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "प्लीज रिमूव्ह युअर एक्सरे अँड कम." त्याचं उत्तर आलं, "फ्रॉम व्हेअर?" त्यात काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. बर्डीवरून एक पुस्तक आणलं आहे, त्यात "गेट"चे ११२ प्रयोग आहेत. मेट्रोत बसून रोज दहा पाठ करते. साठपर्यंत पोचले तर पहिले चाळीस विसरले. मुलगी दहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. ती म्हणते, "आई, यू डोन्ट गेट इट." या वयात मला हे जमेल का, की नोकरी सोडून डबे सुरू करू?

ता.क. मॅडम पुण्याच्या आहेत. मी "रिपोर्ट भेटला का" म्हटलं की त्या "मिळाला का" अशी दुरुस्ती करतात. आता मराठीही चुकतं का माझं?'

ताई,

तुम्ही खाली जाऊन गेट लावून आलात ते वाचून मी हसलो, खोटं कशाला सांगू. हसता हसता मला माझी फजिती आठवली. १९८४ साली मी काटोलहून एसटीनं नागपूरला मुलाखतीसाठी आलो होतो, एका शाळेत इंग्रजीच्या मास्तरकीसाठी. समितीतल्या एका वयस्क गृहस्थांनी सहज विचारलं, 'हाऊ डिड यू गेट हिअर?' मी ताठ बसलो आणि उत्तर दिलं, 'सर, बाय हार्ड वर्क अँड द ब्लेसिंग्ज ऑफ माय पेरेंट्स.' मी बसनं आलो की रेल्वेनं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ती नोकरी काही मिळाली नाही. आणि बरं का, माझं एम.ए. इंग्रजीतच झालं होतं.

म्हणून आधी ते पुस्तक कपाटात ठेवा. पुस्तक वाईट आहे असं नाही, पण पाठ केलेली यादी बोलण्यात कामी येत नाही. समोरचा बोलत असताना तुम्ही मनात चाळीस नंबरचा अर्थ शोधत बसलात तर तो पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. आणि हे सगळे अर्थ कुठल्या इंग्रजालाही पाठ नसतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ ची आवृत्ती निघाली तेव्हा त्यातली सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे कोश नव्यानं तपासताना 'रन'नं त्याला मागे टाकलं. क्रियापद म्हणून 'रन'चे सहाशेच्या वर अर्थ निघाले. सेट, रन, टेक, पुट, गेट हे सगळे चिमुकले शब्द आहेत. शब्द जितका रोजच्या वापरातला तितकी त्याच्यावर कामं जास्त. घरात एखादं पातेलं असतंच की, त्यात दूधही तापतं, भातही शिजतो आणि पाहुणे आले की चहाही होतो.

आता जरा गणेशपेठच्या बसस्टँडवर चला. आजी आणि नातू उभे आहेत.

'वर्ध्याची बस लागली का रे?'

'लागली, आजी.'

'मग मले खिडकीपाशी जागा पाय बाप्पा, मले बस लागते.'

'आजून दहा मिनिटं लागतीन, आजी. कंडक्टर चहा पिऊन राहिला.'

'तवरक काही खाऊन घेऊ, मले भूक लागली.'

एवढ्याशा बोलण्यात 'लागणे' पाच वेळा आलं आणि पाचही वेळा त्याचं काम वेगळं. बस फलाटावर लागली, बस आजीच्या पोटाला लागते, मिनिटं लागतात, भूक लागते. पाच म्हटलं खरं, पण पहिल्या दोन्ही 'लागली' एकाच अर्थाच्या, म्हणजे कामं चारच. मास्तरला मोजणी जमत नाही असं म्हणायला तुम्ही मोकळ्या. पण पुढे बघा. डोळा लागतो, निकाल लागतो, फोन लागतो, दिवा लागतो, ठेच लागते. झाडाला संत्री लागतात. भाजी खारट लागते. एखादी बाई नात्यानं आत्या लागते. मे महिन्यात दुपारी दुपट्टा न बांधता बाहेर पडलं की ऊन लागतं. घाई असली की दूध नेमकं खाली लागतं. आणि 'जावं लागेल' व 'रडू लागली' यांत तर ते दुसऱ्या क्रियापदाच्या मागे नुसतं गड्यासारखं राबतं. मोल्सवर्थ साहेबानं मराठी-इंग्रजी कोश केला, १८३१ साली पहिली आवृत्ती आणि १८५७ साली दुसरी. या शब्दांचे सगळे कंगोरे परक्या माणसासाठी नोंदवताना त्याला किती घाम फुटला असेल याचा विचार करा. मुळात धातू संस्कृतातला, 'लग्', म्हणजे चिकटणे. 'लग्न'सुद्धा त्याच धातूतून आलं, हे जाता जाता.

तुम्हाला हे कुणी शिकवलं? ११२ प्रयोगांचं पुस्तक होतं का? तरी 'मला बस लागते' आणि 'बस लागली' यांत तुमचा गोंधळ कधी होत नाही. पहिल्यात 'मला' आहे, दुसऱ्यात नाही, तेवढ्यावर तुमच्या कानानं निवाडा केलेला असतो. शब्दाला एकट्याला अर्थ नसतो, शेजाऱ्यांमुळे तो ठरतो, हे तुम्हाला जन्मापासून येतंय.

मग 'गेट'पाशीच का अडतं? त्याचं कारण मला बरीच वर्षं शिकवल्यावर सापडलं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'लागली' कानावर पडेपर्यंत कोण, कशाला, काय हे सगळं ऐकून झालेलं असतं आणि अर्थ आपोआप बसतो. इंग्रजीत 'गेट' दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच येऊन उभा राहतो आणि त्याचा अर्थ ठरवणारा शब्द त्याच्या मागून येतो. आपल्या कानाला क्रियापद आलं की वाक्य संपलं अशी सवय. म्हणून 'गेट' ऐकलं रे ऐकलं की आपण अर्थ लावायला धावतो. धावू नका. तिथे काहीही न समजता थांबायचं आणि पुढचा शब्द येऊ द्यायचा. काउंटरवर पंधरा दिवस फक्त एवढंच करून बघा.

पुढचा शब्द गुण सांगणारा असला, म्हणजे थंड, उशीर झालेला, बधिर असा काही, तर 'गेट' म्हणजे 'होणे'. इंजेक्शन दिल्यावर मॅडम पेशंटला म्हणतात ना, 'युअर लिप विल गेट नम्ब', म्हणजे ओठ बधिर होईल. 'इट विल गेट बेटर', बरं होईल. इथे एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. 'आय ॲम मॅरिड' ही स्थिती झाली, मी विवाहित आहे. 'आय गॉट मॅरिड इन २००३' ही घटना झाली, त्या साली लग्न लागलं. 'लागलं' आणि 'गॉट' अगदी समोरासमोर बसले, बघा. (आणि 'मॅरिड'नंतर 'टू' येतं. 'विथ' नाही. इंग्रजीत नवऱ्यासोबत लग्न होत नाही, नवऱ्याशी होतं.)

पुढे जागा आली तर 'गेट' म्हणजे 'पोचणे'. माझ्या मुलाखतीतला प्रश्न हाच होता. 'हाऊ डू आय गेट टू शंकर नगर?' असं कुणी फोनवर विचारलं तर मेट्रोची ॲक्वा लाइन सांगून मोकळं व्हायचं. वाहनात चढण्या-उतरण्याचंही इथेच उरकून घेऊ. ज्यात उभं राहून चालता येतं, जसं बस किंवा मेट्रो, त्याला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून शिरावं लागतं, जसं ऑटो किंवा कार, त्याला 'गेट इन' आणि 'गेट आउट'. आपल्याकडे सर्रास 'गेट डाऊन' म्हणतात. नागपुरात त्यावाचून कुणाचं अडत नाही, तुम्हीही म्हणा.

पुढे वस्तू आली तर 'मिळणे' किंवा 'आणणे'. 'आय गॉट द रिपोर्ट', रिपोर्ट मिळाला. 'गेट मी द रिपोर्ट', रिपोर्ट आणून द्या. मग दाराचं काय? दार कोण आणून देणार? इंग्रजी घरात बेल वाजली किंवा फोन वाजला की जो उठतो तो 'गेट' करतो. 'आय विल गेट इट', म्हणजे मी बघते. आणि आपण तरी काय म्हणतो हो? 'दार बघ गं!' हे ऐकून तुमची मुलगी दाराकडे टक लावून बघत बसली तर चालेल का? मॅडमनी तुम्हाला 'दार बघा' एवढंच सांगितलं होतं. पुढच्या वेळी बेल वाजली की त्यांनी म्हणायच्या आधीच तुम्ही 'आय विल गेट इट' म्हणत उठा.

आता एक्सरे. हा प्रकार सगळ्यांत मजेचा आणि तुमच्या कामाचा आहे, म्हणून इथे जरा बसू या.

तुम्ही मराठीत विचार केलात, 'एक्सरे काढून या', आणि 'काढणे'साठी 'रिमूव्ह' लिहिलं. पेशंटला वाटलं एक्सरे कुठेतरी चिकटला आहे, तो उपटायचा आहे. 'काढणे'ही 'लागणे'चंच भावंड. आपण फोटो काढतो, रांगोळी काढतो, तिकीट काढतो, झोप काढतो, कर्ज काढतो, रुसलेल्याची समजूत काढतो. तुमच्या दवाखान्यात तर कमालच. खुर्चीवरच्या माणसाचा दात काढतात, आणि त्याचा मुलगा बाकावर बसून उगाच दात काढत असतो. एकाच छपराखाली! त्यामुळे 'काढणे' दिसलं की 'रिमूव्ह' हा रस्ता सोडून द्या.

यातली खरी गोम वेगळीच आहे. मराठीत मी सहज म्हणतो, 'मी काल केस कापले.' कापले न्हाव्यानं, पण मराठीला ते सांगायची गरज वाटत नाही. 'मी दात काढला', 'आम्ही घर बांधलं', 'मी ब्लाउज शिवला' ही वाक्यंही तशीच. घर गवंड्यानं बांधलं हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं. इंग्रजी इथे भलतीच काटेकोर. 'आय कट माय हेअर' म्हटलं की मी स्वतः आरशासमोर कात्री चालवली. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर तिथे 'गेट' लागतो: 'आय गॉट माय हेअर कट'. आधी 'गॉट', मग वस्तू, मग झालेलं काम. आपल्या 'करून घेणे'चाच हा मामला, फक्त क्रम उलटा. केस कापून घेतले, दात काढून घेतला, एक्सरे काढून घेतला.

म्हणजे तुमचा निरोप असा व्हायला हवा होता: 'प्लीज गेट ॲन एक्सरे डन बिफोर यू कम.' यात 'काढणे'चं नावही नाही, 'डन'वर भागतं. दवाखान्यात हा साचा दिवसातून वीसदा लागेल. 'गेट युअर टीथ क्लीन्ड एव्हरी सिक्स मंथ्स', दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या. 'डिड यू गेट द टूथ एक्स्ट्रॅक्टेड हिअर?', दात इथेच काढून घेतला होता का? 'यू विल हॅव टू गेट युअर बीपी चेक्ड', बीपी तपासून घ्यावं लागेल. तीन दिवस घरी स्वयंपाक करता करता मोठ्यानं म्हणा. शिलाईवाल्याकडून, गिरणीवाल्याकडून, कूलरवाल्याकडून जे जे करून घेता त्या सगळ्याला हा साचा लावा. 'गॉट द कूलर रिपेअर्ड', 'गॉट द व्हीट ग्राउंड'. गव्हाचं वाक्य कुणी तुमच्याशी बोलणार नाही, पण जीभ वळेल.

याचंच जवळचं एक रूप आहे, त्यात वस्तूऐवजी माणूस येतो. 'गेट हिम टू साइन', त्याच्याकडून सही घ्या. 'मेक हिम साइन' म्हटलं तर दंडाला धरून सही घेतल्यासारखं होतं. 'गेट'मध्ये गोडीगुलाबी आहे, मागे लागणं आहे. तिथे 'टू' विसरू नका. फॉर्म न भरता खुर्चीत जाऊन बसणाऱ्या पेशंटबद्दल मॅडम हेच वाक्य बोलतात, तुम्ही ते ऐकलंही असेल.

आता फोन. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे 'मी पुन्हा कळवतो', आणि आपल्याकडे त्याचा अर्थ पुष्कळदा 'बघू' असाच असतो. त्यासाठी साडेआठपर्यंत दवाखाना उघडा ठेवू नका. 'आय कुडन्ट गेट थ्रू' म्हणजे फोन लागला नाही. समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही तर 'व्हॉट? व्हॉट?' करण्यापेक्षा 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट' म्हणा. हे एक वाक्य तुम्हाला सगळ्यात आधी लागेल, कारण ते म्हटलं की समोरचा सावकाश बोलतो आणि तुमचं अज्ञान कुठे दिसत नाही. मी स्वतः ते आजही वापरतो, मुंबईच्या लोकांशी तर नेहमीच.

'आय हॅव गॉट' हे वेगळं प्रकरण. तिथे काही मिळालेलं नसतं, असतं. 'शी हॅज गॉट ॲन अपॉइंटमेंट ॲट फाइव्ह', तिची पाचची वेळ आहे. पण त्यापुढे 'टू' आलं की पुन्हा आपलं 'लागणे' हजर: 'आय हॅव गॉट टू गो', मला जावं लागेल. शोधत बसलात तर अशी भेट पुष्कळ ठिकाणी होते. नोकरी लागली, 'शी गॉट अ जॉब'. पायाला लागलं, 'आय गॉट हर्ट'. बोलू लागलो, 'वी गॉट टॉकिंग'. दोघांत रक्ताचं नातं काही नाही. 'गेट' उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला. नवव्या शतकापासून ते दर्यावर्दी लोक इंग्लंडच्या पूर्वेला आणि उत्तरेला वस्ती करून राहिले, तेव्हा तो इंग्रजीत आला. 'टेक' आणि 'दे' हे शब्दही त्यांचेच. म्हणजे आज इंग्रजी ज्या शब्दावाचून तोंड उघडू शकत नाही तो मुळात पाहुण्यांचा. कुणाचा अमेरिकेतला भाचा 'गॉटन' म्हणाला तर त्याला चूक समजू नका. ते जुनं इंग्रजी रूप आहे. इंग्लंडात ते मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. 'फरगॉटन'मध्ये ते अजून सगळेच बोलतात.

एक फरक मात्र ध्यानात असू द्या, नाहीतर मराठीच्या खुंटीवर इंग्रजी टांगायला जाल आणि पडाल. मराठीत ताप मला येतो, भूक मला लागते, पैसे मला मिळतात, गोष्ट मला कळते. गोष्टी आपल्याकडे चालत येतात, आपण 'मला' म्हणून बसून असतो. इंग्रजीत 'आय' पुढे येऊन बसतो आणि सगळं स्वतः उचलतो: 'आय गॉट अ फीव्हर', 'आय गॉट द मनी', 'आय गेट इट'. त्यामुळे मनात 'मला'नं सुरू होणारं आणि काहीतरी नव्यानं घडल्याचं वाक्य आलं की तिथे 'आय गॉट' बसतं का ते चाचपून बघा. दर वेळी बसेलच असं नाही. 'मला भूक लागली' याला 'आय ॲम हंग्री' हेच बरं. पण चाचपायची सवय पाठांतरापेक्षा लवकर फळते.

लिहिताना मात्र 'गेट' जपून. बोलताना 'आय गॉट युअर पेमेंट' उत्तम. पावतीवर किंवा ईमेलमध्ये 'वी हॅव रिसीव्ह्ड युअर पेमेंट'. 'गेट' हा घरातल्या गाऊनसारखा आहे, आरामाचा आणि सोयीचा. बँकेत जाताना आपण तो घालून जात नाही.

यावरून तुमचा ता.क. आठवला. पुण्याकडे माणसं भेटतात आणि वस्तू मिळतात, ही त्यांची वाटणी. आपल्याकडे तिकीट भेटतं, नोकरी भेटते आणि शोधूनही चष्मा भेटत नाही. हिंदीत 'मिलना' या एकाच शब्दात दोन्ही कामं होतात. १९५६ पर्यंत नागपूर हे आधी मध्य प्रांताच्या आणि पुढे मध्य प्रदेशाच्या राजधानीचं गाव होतं, हिंदी बोलणारे जिल्हे त्याच सरकारात होते. इतकी वर्षं एका अंगणात राहिल्यावर 'जाऊन राहिला' आणि 'भेटला' आपल्या बोलीत रुळले तर नवल काय! याला चूक म्हणणं मला पटत नाही. पण पगार देणाऱ्या मॅडम पुण्याच्या असतील तर काउंटरवर रिपोर्ट 'मिळू' द्या आणि घरी आल्यावर खुशाल 'भेटू' द्या. 'गॉट' आणि 'रिसीव्ह्ड'चं आत्ताच बोललो, हे त्यातलंच. त्या तुमची दुरुस्ती करतील तेव्हा एकदा त्यांना हसत विचारा, 'मॅडम, "गेट"चंही असंच होतं का हो?'

राहिलं वयाचं आणि डब्यांचं. दोन वर्षं काउंटर सांभाळणारी, खालचं गेट लावून वर येणारी आणि साडेआठपर्यंत वाट पाहणारी बाई कामात कच्ची नाही. डबे जरूर सुरू करा, मन असेल तर. पण एका शब्दाला घाबरून नको. डब्याच्या धंद्यातही गिऱ्हाईक फोनवर 'व्हेन विल आय गेट इट?' असंच विचारणार आहे.

आणि तुमची मुलगी. 'यू डोन्ट गेट इट' म्हणजे 'तुला कळतच नाही'. पुढच्या वेळी तिला म्हणा, 'देन हेल्प मी गेट इट', आणि शेजारी बसवून एक्सरेचा साचा तिच्याकडून घोकून घ्या. तिला आवडेल. मग तिला एक विचारा: 'दूध खाली लागलं' हे इंग्रजीत सांग. मी एकतीस वर्षं दर जूनमध्ये पहिल्या दिवशी वर्गाला हाच प्रश्न घालत आलो. पोट्टे 'मिल्क केम डाऊन'पासून 'मिल्क गॉट फ्लोअर'पर्यंत जाऊन आले आहेत.